डाव्या बरगडीखाली

मरणकरांनी रंगमंचावर हजाराच्या वर वेळा प्राण सोडला होता. कधी विष पिऊन, कधी तलवार लागून, कधी क्षयाने खंगून, आणि एकदा तर जिन्यावरून गडगडत खाली येऊन. नायकाची भूमिका त्यांच्या वाट्याला कधीच आली नाही. पण तिसऱ्या अंकात कुणाला मरायचं असलं की दिग्दर्शक वर न बघताच त्यांच्याकडे बोट दाखवायचा. खरं आडनाव वेगळं होतं. मंडळीतल्या कुणीतरी एकदा गमतीने ‘मरणकर’ अशी हाक मारली आणि ती इतकी चिकटली की पुढे नाटकाच्या फलकावरही तेच नाव छापून येऊ लागलं.

मंडळी बंद पडली तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. थोरल्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहायचे. लग्न दोघांचंही झालं नव्हतं. ताईला कुणी पसंत पडलं नाही, आणि मरणकरांना पसंत पडलेल्या सगळ्या पहिल्याच अंकात दुसऱ्याच्या झाल्या. ताई पासष्टीला टेकली होती, तरी रोज चष्म्याच्या दुकानात जायची. मागच्या बाजूला एका उंच स्टुलावर बसून भिंगं घासायची. भिंगाची कड फिरत्या दगडाला लावायची, उजेडात धरून बघायची, पुन्हा लावायची. तिच्या जिभेलाही त्याच दगडावर धार लागली असावी, असं मरणकर म्हणायचे. अर्थात ती घरात नसताना.

“रिकामा बसून माझं डोकं नको खाऊस,” एक दिवस तिने वर्तमानपत्राचा कपटा त्यांच्यापुढे टाकला. “हे बघ. मेडिकल कॉलेजला खोटे रोगी हवेत. मुलांची परीक्षा घ्यायला.”

“खऱ्यांचा तुटवडा पडला की काय?”

“खरे ऐन परीक्षेच्या दिवशी बरे होत असतील. जा. नाहीतरी तुला दुसरं येतं काय?”

असे मरणकर कॉलेजात गेले. काम शिकवायला शल्यविभागाच्या मॅडम होत्या. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, वाक्य अर्धं संपताच पुढच्याला हात घालणाऱ्या. त्यांनी मरणकरांना तपासणीच्या टेबलावर झोपवलं, शर्ट वर घ्यायला सांगितला आणि खिशातलं निळं पेन काढलं.

“हे तुमचं नेपथ्य समजा,” त्या म्हणाल्या. “कुठे काय ठेवलंय हे माहीत नसेल तर नट ठेचकाळतो ना? तसंच आहे हे.”

हासळीच्या हाडाच्या मध्यापासून सरळ खाली त्यांनी एक रेघ ओढली. दुसऱ्या बाजूला तशीच. मग बरगड्या संपतात तिथे एक आडवी, आणि कमरेच्या हाडांच्या उंचवट्यांवरून दुसरी. पेनाचं टोक गार होतं आणि गुदगुल्याही होत होत्या. पण मॅडम बोलू लागल्या आणि मरणकर हसायचं विसरले.

“झाले नऊ प्रदेश. वरच्या ओळीत उजवीकडे बरगडीखालचा, मधे अधिजठर, डावीकडे पुन्हा बरगडीखालचा. मधल्या ओळीत उजवी कूस, बेंबीचा प्रदेश, डावी कूस. खाली उजवी जांघ, ओटीपोट, डावी जांघ. आता यात राहतं कोण ते ऐका.”

त्यांनी एकेका चौकोनावर बोट ठेवून सांगितलं. उजवीकडे बरगडीखाली यकृत, अंगातला सगळ्यात थोराड अवयव, आणि त्याच्या कुशीत पित्ताची पिशवी, लहानशा अंजिराएवढी. डावीकडे जठर आणि त्यामागे प्लीहा. दोन्ही कुशींत खोलवर मूत्रपिंडं. उजव्या जांघेशी अपेंडिक्स. आणि बेंबीभोवती, वीस हातभर… “वीस फूट हो,” मॅडमनी स्वतःलाच दुरुस्त केलं, “वीस फूट आतडं. घडी घालून ठेवलेलं. पीळ न पडता. तुम्ही धावता, कोलांट्या मारता, तरी गुंता होत नाही.”

“आणि हे सगळ्यांचं असंच असतं?” मरणकरांनी विचारलं.

“सगळ्यांचं. राजाचंही आणि चोराचंही.”

मरणकर छताकडे बघत पडून राहिले. अपराध पोटात घाला, माझ्या पोटावर पाय देऊ नका, पोटचा गोळा, पोटात एक ओठांवर एक… ही वाक्यं त्यांनी जन्मभर म्हटली होती, तीही बेंबीच्या देठापासून. पण पोट म्हणजे त्यांच्या लेखी एक गाठोडं होतं; भरायचं आणि विसरायचं. ते गाठोडं नव्हतं. तिथे वस्ती होती. आणि ती वस्ती अठ्ठावन्न वर्षं, त्यांनी एकदाही चौकशी न करता, आपापलं काम करत होती. त्यांना एकदम ओशाळल्यासारखं झालं, आणि त्याहून जास्त काहीतरी, ज्याला त्यांच्याकडे शब्द नव्हता. त्यांनी हळूच आपल्या पोटावर हात ठेवला, झोपलेल्या माणसावर ठेवावा तसा.

संध्याकाळी ताईने ते चौकोन बघितले.

“हे काय? तुझ्या पोटावर फुली-गोळा खेळले का?”

“ताई, तुला माहितीये, तुझं आतडं वीस फूट आहे?”

“असेल. घासायला टाकलेली भिंगं त्याहून जास्त आहेत. जेवायला बस.”

मरणकरांच्या वाट्याला आलेला रोगी होता पित्ताच्या खड्यांचा. मॅडमनी कागदावर लिहून दिलं होतं : जेवणानंतर उजव्या बरगडीखाली जोराची कळ, मळमळ, दोन-तीन तास. बाकी तुम्ही बघून घ्या. मरणकरांनी फार शोधाशोध केली नाही. असं दुखणं त्यांच्या घरातच होतं.

ताईचं पोट गेली सहा-सात वर्षं अधूनमधून दुखायचं. जेवण झालं की तासाभराने ती एकाएकी गप्प व्हायची. ताई गप्प होणं हेच मुळात आजाराचं लक्षण. मग ती खुर्चीत पुढे वाकायची, एक हात बरगडीखाली दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने खांद्यामागे चोळत राहायची. कपाळावर घाम. ओरडायची नाही, विव्हळायची नाही. फक्त श्वास अर्ध्यावर थांबवायची, जणू पूर्ण घेतला तर आतलं कुणीतरी जागं होईल. दोन डॉक्टर झाले होते. दोघांनीही हात कुठे आहे ते बघितलं, डाव्या बरगडीखाली, आणि म्हणाले, जठर आहे, आम्लपित्त आहे, गॅस आहे, वय आहे. गोळ्या दिल्या. दुसरा म्हणाला, मनाला लावून घेऊ नका. त्यानंतर ताईने डॉक्टरांचं नाव टाकलं. “मनाला लावायला माझ्याकडे वेळ आहे का?” ती म्हणायची.

मरणकरांनी तेच सगळं उचललं. कागदावर उजवी बाजू होती म्हणून हात उजवीकडे नेले, बाकी तसंच. पहिल्या तालमीलाच मॅडम खुर्चीतून उठल्या.

“खांद्याला हात कुणी लावायला सांगितला तुम्हाला?”

“कुणी नाही. चुकलं का?”

“चुकलं? अहो, पित्ताशयाची कळ खांद्याकडे जाते. हे मी मुद्दाम कागदावर लिहिलं नव्हतं, मुलांनी विचारून काढावं म्हणून. कुठून आणलंत?”

“असंच… सुचलं,” मरणकर म्हणाले. आपल्या बहिणीचं दुखणं चोरून आणलं, हे सांगायची त्यांना लाज वाटली.

तीन वर्षं गेली. शे-दीडशे मुलांचे हात मरणकरांच्या पोटावरून फिरले. तोंडं त्यांच्या लक्षात राहत नसत, हात राहत. त्यावरून त्यांनी नावं ठेवली होती. एक होता ‘हातोडा’, त्याच्यानंतर खरंच दुखायचं. एक ‘माफ करा’, प्रत्येक स्पर्शाला माफी मागणारा. आणि शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती ‘गारठा’. तिची बोटं बर्फासारखी. तिलाही ते माहीत होतं. हात लावायच्या आधी ती तळवे एकमेकांवर इतका वेळ घासायची की बाकीची मुलं खिदळायची. बोलणं कमी. वर्गात ती सगळ्यात शेवटी पुढे यायची आणि सगळ्यात उशिरा हात काढायची.

परीक्षेच्या दिवशी दालनात पडदे लावून दहा खोपटी केली होती. प्रत्येक खोपट्यात एक रोगी, एक परीक्षक, आणि सात मिनिटं. घंटा झाली की पुढचा विद्यार्थी. मरणकरांच्या कोपऱ्यात गुणपत्रिका मांडीवर घेऊन स्वतः मॅडम बसल्या होत्या. सकाळपासून अकरा जण येऊन गेले. अकराही जणांनी खांद्याबद्दल विचारलं नाही, आणि अकराही जणांनी ठरलेलं वाक्य म्हटलं : “यकृत उजवीकडे, आकार सामान्य.”

बारावी गारठा आली. नमस्कार केला, तळवे घासले, प्रश्न विचारले. खांद्याबद्दलही विचारलं. मॅडमच्या पेनाचा आवाज झाला. मग तिने नऊही प्रदेश हलक्या हाताने चाचपले, दुखऱ्या जागेपासून सगळ्यात लांबचा आधी. सगळं शिस्तीत. मग ठोकून बघायची वेळ आली. डाव्या हाताचं मधलं बोट अंगावर सपाट ठेवायचं आणि त्यावर उजव्या हाताच्या बोटाने टिचकी मारायची. आत पोकळ असेल तर ढोलासारखा आवाज येतो, भरीव असेल तर मठ्ठ. छातीवरून खाली येत यकृताशी आवाज मठ्ठ व्हायला हवा.

गारठाची बोटं उजव्या छातीवरून खाली आली. बरगडीपर्यंत आली. थांबली. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. पुन्हा.

मरणकरांना वाटलं, पोरगी संवाद विसरली. असं झालं की समोरच्याने सावरून घ्यायचं असतं, हा रंगमंचाचा धर्म. त्यांनी विव्हळत हळूच सूचक वाक्य टाकलं, “इथे हो डॉक्टर… इथेच दुखतंय…”

“हो काका,” ती पुटपुटली. “पण इथे काहीच नाहीये.”

“रोग्याशी निष्कर्ष बोलायचे नाहीत,” कोपऱ्यातून मॅडम म्हणाल्या. “दोन मिनिटं उरली. पुढे चल.”

गारठा पुढे गेली नाही. ती बाजूला गेली. तिची बोटं डाव्या बरगडीवर आली. ठक. ठक. मठ्ठ. वरपासून खालपर्यंत मठ्ठ, भिंतीवर वाजवावं तसं. तिने मरणकरांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग गळ्यातली नळी कानाला लावली आणि शर्ट आणखी वर सरकवून डाव्या छातीवर टेकवली. ऐकलं. मग उजवीकडे टेकवली.

मरणकर पुढे कैकदा सांगायचे : “मी मोठमोठे नट बघितलेत. पण असा चेहरा नाही बघितला. देवळात चुकून दार उघडं राहावं आणि आत खरंच कुणीतरी बसलेलं दिसावं, तसा.”

घंटा झाली. गारठा जागची हलली नाही.

“मॅडम, यांचं यकृत डावीकडे आहे. हृदय उजवीकडे.”

“घाबरल्यावर डावं-उजवं कळत नाही,” मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “पुढच्याला आत येऊ दे.”

“मी तीनदा बघितलं, मॅडम. माझं घड्याळ डाव्या हातात असतं, ते बघून खात्री केली. तुम्ही मला नापास करा, पण एकदा हात लावून बघा.”

पडद्याबाहेर पुढचा मुलगा खोकला. मॅडम उठल्या. त्यांनी मरणकरांच्या उजव्या बरगडीवर बोट ठेवून टिचकी मारली, बेफिकिरीने. मग दुसरी, तितकी बेफिकीर नव्हती. मग त्या डावीकडे गेल्या. मग नळी मागितली. दालनात बाकीच्या खोपट्यांतून खोटे रोगी विव्हळत होते, आणि या एका खोपट्यात कुणी श्वासही घेत नव्हतं.

मॅडमनी नळी काढली आणि त्या टेबलाच्या कडेवर बसल्या.

“मॅडम,” मरणकरांचा आवाज खरोखरच खोल गेला होता, “मी किती दिवसांचा सोबती?”

“तुम्ही? तुम्ही ठणठणीत आहात हो,” मॅडम म्हणाल्या आणि हसल्या, पण डोळे हसत नव्हते. “तुमचं सगळं आरशातल्यासारखं आहे. हजारोंमध्ये एखादा माणूस असा जन्मतो. जागा बदललेल्या, काम चोख. पुष्कळांना मरेपर्यंत कळतही नाही.” त्या थोडा वेळ थांबल्या. “तीन वर्षं. शे-दीडशे मुलांनी लिहिलं, यकृत उजवीकडे. कारण ते तिथेच असतं. आणि त्यांना काय बोलू? पहिल्या दिवशी मीच पेनाने रेघा मारून तसं सांगितलं होतं. हात लावून बघितलंच नाही.”

त्या दिवशीची उरलेली परीक्षा दुसऱ्या रोग्यावर झाली. मरणकरांना क्ष-किरणांच्या खोलीत नेलं. तंत्रज्ञाने छायाचित्र काढलं, आत गेला, परत आला. “काका, पाठ करून उभे होतात का?” पुन्हा काढलं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा त्याने मरणकरांच्या उजव्या खांद्याला स्वतःच्या हाताने शिशाचं अक्षर चिकटवलं, म्हणजे कोणती बाजू कोणती याचा वादच नको. चित्र पडद्यावर आलं तेव्हा तो नुसता खुर्ची मागे सरकवून उभा राहिला.

मॅडम, गारठा आणि मरणकर व्हरांड्यातल्या खिडकीशी ती फिल्म धरून उभे होते. राखाडी बरगड्यांच्या पिंजऱ्यात एक पांढरट मूठ, उजवीकडे कललेली. मरणकरांनी ती बघितली आणि त्यांना वाटलं, एवढी हजार मरणं आपण मेलो, प्रत्येक वेळी डाव्या छातीवर हात दाबून कोसळलो, प्रेक्षक रडले, आणि हे सगळा वेळ पलीकडच्या बाजूला बसून मुकाट चालत होतं.

“काका,” गारठा म्हणाली, “एक विचारू? ते खांद्यामागे चोळणं. श्वास अर्ध्यावर थांबवणं. कागदावर नव्हतं ना ते? कुठे बघितलंत?”

मरणकरांना आता लपवावंसं वाटेना. “आमच्या ताईकडून. तिला असं होतं. दहा वर्षं झाली.”

“पण ते हुबेहूब पित्ताशयाचं आहे,” मॅडम म्हणाल्या. “कुणाला दाखवलं नाही? कुठे दुखतं त्यांना?”

“दाखवलं ना. इथे…” म्हणत मरणकरांनी दाखवायला हात उचलला. हात सवयीने ताईच्या जागेवर गेला. डाव्या बरगडीखाली. आणि तिथेच राहिला.

मॅडमनी हातातली फिल्म खाली केली.

“सख्ख्या ना?” त्यांनी विचारलं.

“एकाच आईच्या पोटचे दोघं.”

“दोघांचं असं असण्याची शक्यता फार कमी आहे,” मॅडम सावकाश म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी एक वाक्य पूर्ण होऊ दिलं होतं. “पण शून्य नाही. उद्या घेऊन या त्यांना.”

घेऊन या म्हणणं सोपं होतं. ताई दुकानातून आली, हातपाय धुऊन खुर्चीत बसली. मरणकरांनी सगळी हकीकत सांगितली. ताईने फिल्म उजेडात धरून बघितली, कड बोटाने तपासली, जणू कुठे टवका उडालाय का ते बघावं.

“तुझं काही सरळ नाही हे मी लहानपणापासून म्हणतेय. आता सरकारी कागद मिळाला.”

“आणि तुझं?”

“माझं काय? मला गॅस आहे. दोन डॉक्टर म्हणाले.”

“ताई, त्यांनी जागा बघितली. तुला नाही बघितलं.”

“पुरे. या वयात लोकांपुढे पोट उघडं टाकून मी झोपणार नाही. तू नट आहेस, मी नाही.”

मरणकरांना एरवी संवादांची कमतरता नसे; त्या संध्याकाळी एकही आठवेना. मग त्यांनी ठाऊक होतं तेच केलं. समोरच्या खुर्चीत बसले, आणि गप्प झाले. पुढे वाकले. एक हात डाव्या बरगडीखाली दाबला, दुसऱ्याने डाव्या खांद्यामागे चोळू लागले. श्वास घेतला, अर्ध्यावर थांबवला. कपाळाची शीर फुगली. ओठ आवळून, नजर जमिनीवरच्या एका फरशीवर लावून, कुणाला कळू नये म्हणून चाललेली ती सगळी धडपड. या वेळी समोर परीक्षक नव्हता. होती ती ताई, जिचं ते दुखणं होतं.

ताईच्या चेहऱ्यावरचं हसू आधी ताठरलं आणि मग उतरलं.

“मी अशी दिसते?” ती म्हणाली.

मरणकर सरळ बसले. “दहा वर्षं.”

“आणि तू बघत होतास.”

“हो. बघत होतो. शिकत होतो. पण विचारलं नाही कधी. चुकलंच माझं.”

ताई उठली, स्वयंपाकघरात गेली, उगाचच दोन भांडी इकडची तिकडे केली. तिथूनच म्हणाली, “उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकते. पण सांगून ठेवते, पेनाने रेघोट्या मारल्या तर मी उठून येईन.”

सोनोग्राफीच्या खोलीत पडदे ओढलेले होते. डॉक्टरांनी ताईच्या पोटावर गार चिकट मलम लावलं आणि यंत्राचं टोक उजव्या बरगडीखाली टेकवलं. पडद्यावर करडं वादळ. काही नाही. मॅडमनी मान डोलावली. टोक हळूहळू बेंबीवरून डावीकडे सरकलं, बरगडीखाली आलं, थोडं वळलं.

वादळ निवळलं आणि यकृत दिसलं. दाणेदार, शांत, भलं मोठं. आणि त्याच्या कुशीत एक काळी पिशवी, तिच्यात तीन पांढरे ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या मागे काळी, सरळ सावली.

गारठाने तोंडावर हात ठेवला. मॅडम पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की सोनोग्राफीच्या डॉक्टरांना त्यांना मागे सरका म्हणावं लागलं. मरणकर पायाशी उभे होते. त्यांच्या मनात आलं, आई. शिकलेली नव्हती, नावापुरती सही करायची. आणि तिच्या पोटात, सात वर्षांच्या अंतराने, दोनदा, अंधारात, कुणी न सांगता, एक अख्खी वस्ती आरशातल्यासारखी उभी राहिली होती. एकही वीट न चुकता. त्यांना गुडघे टेकावेसे वाटले. पण खोलीत जागा नव्हती.

“ती सावली फार स्वच्छ आहे,” टेबलावरून ताईचा आवाज आला. ती मान वळवून पडदा बघत होती. “कड अशी धारदार पडली म्हणजे खडा चांगला टणक असणार.”

सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी चमकून तिच्याकडे बघितलं. “बरोबर. तुम्ही याच क्षेत्रातल्या का?”

“भिंगं घासते,” ताई म्हणाली. मग जरा वेळाने, हळू आवाजात, “म्हणजे ते मनाचं नव्हतं तर.”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “मनाचं नव्हतं. तुम्ही दहा वर्षं बरोबर जागेवर बोट ठेवत होता. आम्हालाच नकाशा उलटा धरता आला नाही.”

शस्त्रक्रिया मॅडमनी स्वतः केली. आदल्या दोन दिवसांत त्यांनी शस्त्रक्रियागृहात सगळं फिरवून मांडलं : दुर्बिणीचा पडदा इकडचा तिकडे, साहाय्यक तिकडचा इकडे, आणि रिकाम्या टेबलाशी उभं राहून हात हवेत हलवत तालीम केली. मरणकरांनी दाराच्या काचेतून ती तालीम बघितली आणि त्यांना बरं वाटलं. तालीम करणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास होता. “तीस वर्षं मी हे डोळे मिटून करत आले,” मॅडम त्यांना म्हणाल्या. “उद्या डोळे उघडून करायचं आहे. जिना तोच, पण कुणीतरी रात्रीत फिरवून ठेवलाय.”

एरवी तासाभराचं काम. अडीच तास लागले. मरणकर बाकावर बसून होते. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, याचा अभिनय त्यांनी किती केला असेल. येरझाऱ्या, हात चोळणं, आकाशाकडे बघणं. प्रत्यक्षात त्यांनी यातलं काहीच केलं नाही. समोरच्या भिंतीवरची एक भेग बघत ते बसून राहिले. मॅडम बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क खाली ओढला. त्यांचे केस घामाने चिकटले होते आणि त्या वीस वर्षांनी लहान दिसत होत्या.

“झालं. छान झालं,” त्या म्हणाल्या. “मी आयुष्यात असं पहिल्यांदा बघितलं. प्रत्येक रक्तवाहिनी जागच्या जागी, फक्त पलीकडे. मी दोन मिनिटं हात थांबवून नुसती बघत राहिले. साहाय्यकाला वाटलं, काही बिघडलं. मी म्हटलं, नाही रे, बिघडलेलं काही नाही. बघून घे.”

गारठा पास झाली. पहिली वगैरे आली नाही. सात मिनिटांत काम संपवलं नाही म्हणून त्या विभागाचे गुण कापले गेलेच, नियम म्हणजे नियम. पण नव्या वर्षाच्या पहिल्या तासाला मॅडमनी पेन खिशातून काढलंच नाही. मरणकरांना झोपवलं आणि मुलांना म्हणाल्या, “नावं नंतर सांगते. आधी हात लावा आणि तुम्हाला काय कळतं ते सांगा. पुस्तकाला काय कळतं ते मला माहीत आहे.”

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ताई पलंगावर उशीला टेकून बसली होती. पोटावर चार लहान पट्ट्या. तिने लोणी लावलेला पाव मागवून घेतला होता आणि कितीतरी वर्षांनी न घाबरता खाल्ला होता. खाऊन तास झाला, दीड तास झाला. ती वाट बघत होती, हात डाव्या बरगडीखाली नेऊन. काही झालं नाही. तिने हात काढून मांडीवर ठेवला. तिथे त्याला काय करायचं ते कळेना.

गारठा डोकावली. तिने तळवे घासले, नाडी बघितली, पट्ट्या बघितल्या.

“आजी, स्वतःचं ऐकायचंय?” तिने विचारलं आणि गळ्यातली नळी काढून ताईच्या कानांत घातली. दुसरं टोक तिच्या उजव्या छातीवर टेकवलं.

ताई काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलं होतं तिने. ते तसंच राहिलं.

अडुसष्ट वर्षं ज्याने एकदाही रजा टाकली नव्हती, ते तिच्या कानांत बोलत होतं. खिडकीबाहेर वाहनं होती, शेजारच्या पलंगावर कुणीतरी फोनवर मोठ्याने भांडत होतं, औषधांची गाडी खडखडत गेली. ताई हलली नाही. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

“ताई,” मरणकर वाकून म्हणाले, “बरीयेस ना? किती वेळ ऐकणार?”

“गप्प बस,” ताई कुजबुजली. “चालू आहे अजून.”